आठ बांध्या आणि एक तारीख

“खत टाकलं वरच्या पोरीनं, खाल्लं खालच्या बांधीनं. अन् बाई काटा पाहून राह्यली.”

“हळू बोल वं. आयकंल थे.”

“आयकंल त आयकंल. तिले कुठी आपली बोली समजते?”

समजत होती. आमच्या शेतावर कामाला असलेली सोनाबाई आणि तिची जाऊ माझ्या पाठीमागे सुपाने धान उडवत होत्या. भूस माझ्या केसांत येऊन बसत होतं. मी आमच्या कृषी विद्यालयाच्या खळ्यावर वजनाची वही घेऊन उभी होते. समोर तीन बांबू एकत्र बांधून त्यांना काटा टांगला होता आणि सातव्या बांधीचं पोतं त्याला लोंबत होतं. मी मागे वळून पाहिलं नाही. आकडा लिहिला, त्याखाली विद्यार्थ्याची सही घेतली आणि म्हणाले, “आठवी आणा.”

आवाज नेहमीसारखाच आला असावा, कारण कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. पण ते वाक्य तिथपासून माझ्या मागे लागलं ते आजही पूर्ण सुटलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा मी आधी नकारच कळवला होता. माझी नोकरी उणीपुरी सात वर्षांची. अनुभव निवृत्त लोक लिहितात. त्यावर त्यांनी कळवलं, की निवृत्त लोकांचे लेख भरपूर आले आहेत आणि त्यातल्या कोणाचंच कधी काही चुकलेलं नाही. तुमचं काही चुकलं असेल तर पाठवा. ते विनोदाने लिहिलं असणार. मी मात्र कागद काढला.

आमचं विद्यालय मार्कंड्याच्या अलीकडे, वैनगंगेपासून पायी तासाभरावर आहे. दहावीनंतरचा दोन वर्षांचा शेतकीचा अभ्यासक्रम. मी रुजू झाले तेव्हा गडचिरोली जिल्हा नवा होता, आणि इथली पाटी अजून चंद्रपूर जिल्ह्याचीच होती. मी बल्लारशाची. वडील रेल्वेत. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परत येताना गाडीतच त्यांनी ठरवलं होतं म्हणे, की पुढे मुलं झाली तर त्यांना इंग्रजी शाळेत घालायचं. तसं घातलं. त्यामुळे माझं मराठी पुस्तकी झालं, आणि बोलणं कमी. वडिलांचं एक वाक्य मात्र आम्ही बहिणी पाढ्यासारखं ऐकत वाढलो: नियम लिहिलेला असला की माणसाच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

म्हणून ‘उत्कृष्ट विद्यार्थी शेतकरी’ या पुरस्काराचे निकष लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला मनातून आनंद झाला होता.

त्याआधी हा पुरस्कार प्राचार्यांच्या खोलीत, चहा संपेपर्यंत ठरत असे. एका वर्षी तो भोपळ्यावर गेला. ही गोष्ट मला आमच्या शेताचे प्रमुख वासेकर सरांनी सांगितली. प्रदर्शनात एका मुलाने एवढा मोठा भोपळा मांडला, की परीक्षकांनी त्याच्यासोबत फोटो काढला. “त्याच्यावर चामोर्शीच्या बाजारातल्या बाईची चुन्याची खूण होती, मॅडम,” सर म्हणाले, “पोरगा पुसायले विसरला. पण परीक्षकाले काय, त्याले वाटलं नंबर टाकला असंन.” दुसऱ्या वर्षी तो नोंदवहीवर गेला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात रंगीत फुलं काढली होती. ती त्या मुलाच्या बहिणीने काढली होती, आणि नोंदीही तिच्याच अक्षरात होत्या.

पण मला कामाला लावलं ते एका वडिलांनी. त्यांचा मुलगा दुसरा आला होता. ते डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेऊन प्राचार्यांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “माह्या पोराले पहिला करा म्हणत नाई मी. फक्त काऊन नाई, थे सांगा.” खोलीत आम्ही पाच जण होतो. कोणालाच सांगता आलं नाही. शेवटी प्राचार्यांनी त्यांना चहा पाजला.

निकष म्हणजे दुसरं काही नसतं. ‘काऊन नाही’, म्हणजे का नाही, याचं उत्तर कागदावर आधीच लिहून ठेवायचं, आणि ते त्या बापाला वाचून दाखवता आलं पाहिजे.

हे उत्तर महत्त्वाचं होण्याचं कारण असं, की आमच्याकडे पहिल्या येणाऱ्याला नुसती ढाल मिळत नाही. विद्यालयाच्या शेतावर सहायक म्हणून नेमणूक मिळते आणि राहायला खोली. शेतकीची पदविका घेऊन या भागात नोकरी मिळणं किती कठीण, ते इथल्यांना सांगायला नको. त्या एका जागेवर सबंध वर्गाचा डोळा असतो.

मी शंभर गुणांचा तक्ता केला. पन्नास गुण धानाच्या उत्पादनाला, कारण काटा कोणाच्या ओळखीचा नसतो. बाकीचे नोंदवहीला, तोंडी परीक्षेला, आणि वेळेवर काम करण्याला. पहिल्या वर्षाच्या गुणांवरून आठ विद्यार्थी निवडायचे आणि प्रत्येकाला एकेक बांधी द्यायची. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं खाचर. झाडीपट्टीत हाच शब्द. आमच्या बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पायथ्याशी आठ बांध्या एकाखाली एक पायऱ्यांसारख्या उतरत जातात. मी त्या टेपने मोजून सारख्या करून घेतल्या. बियाणं सारखं, खत सारखं. खत गोदामातून कोणी जास्त उचलू नये म्हणून ते सगळ्यांसमोर तोलून, एकाच ठरलेल्या तारखेला द्यायचं. ती तारीख पाळली तर पाच गुण, चुकली तर शून्य.

बांध्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. पहिली, बोडीला लागून असलेली बांधी यमुना मडावीला निघाली आणि पोरांनी एकच गिल्ला केला. “लागली यमुनाची लॉटरी! पाणी तिच्या उशाशी!” यमुना धानोऱ्याच्या पलीकडची; पावसाळ्यात नाल्यामुळे तिच्या गावाला दोन-दोन महिने गाडी जात नाही. धानाचं काम तिच्या अंगातलं होतं. नोकरी लागली नाही तर होळीनंतर तिचं लग्न करून टाकायचं, असं तिच्या मामाने सांगून ठेवलं होतं. हे तिने मला सांगितलं नव्हतं. वसतिगृहातल्या मुलींच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं होतं. लोक माझ्यासमोर मोकळेपणी बोलतात. मी काही बोलत नाही म्हणून मला ऐकूही येत नसावं, असं त्यांना वाटतं.

शेवटची, आठवी बांधी दिलीपला निघाली. दिलीप राजुऱ्याकडचा, कपाशीवाल्या घरचा. त्याने धान फक्त ताटात पाहिला होता. चिठ्ठी पाहून त्याने कपाळाला हात लावला. “मॅडम, माह्या बांधीत पाणी येईपर्यंत मी पास होऊन घरी जाईन.”

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला त्याचं म्हणणं पटलं. बोडीचं पाणी पहिल्या बांधीत उतरतं, बांधाला ठेवलेल्या तोंडातून दुसरीत, तिथून तिसरीत. वरच्याने तोंड बुजवलं की खालचा कोरडा. तेव्हा मी तक्त्यात आणखी एक नियम वाढवला: बोडीचं पाणी सुरू असताना कोणीही आपल्या बांधाचं तोंड बंद करायचं नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. शेवटच्या माणसाला पाणी मिळालंच पाहिजे, हे मी कायद्यातच घालून टाकलं होतं. वासेकर सर तो कागद वाचून “हं” म्हणाले होते. त्यांचा ‘हं’ म्हणजे काय, ते विचारायचं धाडस मला तेव्हा नव्हतं.

रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी एकदा मी यमुनाला बांधीत पाला तुडवताना पाहिलं. रानाच्या कडेने करंजाचा पाला भारे भरभरून आणायची आणि गुडघाभर चिखलात नाचल्यासारखी तुडवायची. मी बांधावर उभी राहून विचारलं, “हे नोंदवहीत कोणत्या रकान्यात लिहिणार?” ती थांबली आणि खळखळून हसली. “चिखलाले रकाना नाई लागत, मॅडम.” मी तक्ता काढून पाहिला. खरंच रकाना नव्हता. पुढच्या वर्षी घालू, असं मनाशी म्हटलं.

श्रावणात पाऊस दडी मारून बसला. खालच्या बांध्यांना भेगा पडू लागल्या तेव्हा वासेकर सरांनी बोडीचं पाणी सोडलं. बारीक धार एका तोंडातून दुसऱ्या तोंडात उतरत दोन दिवसांनी दिलीपच्या बांधीत पोहोचली. तो पँट दुमडून तिच्या स्वागताला उभा होता. आणि दुसऱ्याच दिवशी युरियाच्या दुसऱ्या हप्त्याची तारीख आली.

मी झाडाखाली टेबल मांडून खत तोलून देत होते. यमुना घमेलं घेऊन आली, पण पुढे सरकली नाही.

“मॅडम, दोन दिवस थांबू का?”

“का?”

“पानी चालू हाय ना. तोंड बुजल्याशिवाय युरिया टाकला त खाली जाते वाहून. पानी बंद झालं की टाकतो.”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पाणी काढा, तोंड बंद करा, मग नत्र द्या, आणि तीन दिवसांनी पुन्हा पाणी घ्या; हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे गुणही मिळवले होते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तक्ता होता. हिला दोन दिवस दिले तर उरलेले सात जण दोन दिवस मागतील. तोंडं बंद करू दिली तर दिलीपची बांधी पुन्हा फाटेल. आणि यमुना मला आवडत होती; मला आवडणाऱ्या मुलीला मी सवलत दिली असं कोणी म्हणू नये, हेही होतंच. मी फाईल उघडली आणि छापलेल्या तारखेवर बोट ठेवलं.

“सगळ्यांना सारखं,” मी म्हणाले.

तिने कागदाकडे पाहिलं नाही, माझ्या बोटाकडे पाहिलं. “हव,” म्हणाली. घमेलं पुढे केलं, खत घेतलं आणि गेली. तारीख पाळल्याचे तिला पाचपैकी पाच गुण मिळाले. ते मीच दिले.

पुढे महिनाभराने बोडीच्या पाळीवरून, म्हणजे तिच्या उंच बांधावरून, मी खाली पाहिलं. पहिली बांधी लिंबाच्या सालीसारखी फिकट दिसत होती. दुसरी तशीच. तिथून खाली उतरत जावं तसा रंग दाट होत गेला होता, आणि दिलीपची आठवी बांधी काळपट हिरवीगार. एखाद्याने वरून रंग ओतावा आणि तो तळाशी जाऊन साचावा तसं. मी डायरीत इंग्रजीतून एक ओळ लिहिली आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला पुष्कळ गोष्टी इंग्रजीतून सुचतात. त्यामुळे त्या कोणाला सांगाव्या लागत नाहीत.

मग कापणी, मळणी, आणि खळ्यावरचा तो दिवस. धान वाळला की नाही हे बघायला बायका दाणा दाताखाली धरतात. कट्‌ वाजला तर तोलायचा. सोनाबाईने प्रत्येक ढिगातला दाणा फोडून मान हलवली, आणि मगच मी पोती तोलली. वजनात खोट नव्हती. सातव्या बांधीचं पोतं काट्याला असताना ती जावेला जे बोलली, ते मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

संध्याकाळी कार्यालयात बसून मी आठ आकडे उतरत्या क्रमाने मांडले, आणि प्रत्येकापुढे बांधीचा क्रमांक लिहिला. आठ, सात, एक, सहा, पाच, चार, तीन, दोन.

मी कागदाकडे बघत राहिले. मधला ‘एक’ झाकला, तर ही विद्यार्थ्यांची गुणवत्ता यादी नव्हतीच. हा उतार होता. आठ माणसांनी सहा महिने राबून बोडीची पाळ ते शेवटचा बांध एवढंच मोजून दाखवलं होतं. प्रत्येकाचं थोडं थोडं खत पाण्याबरोबर खालच्याकडे गेलं होतं. पहिल्या बांधीला फक्त द्यायचं होतं. तिला वरून काहीच येणार नव्हतं. ती यादीत सगळ्यांत खाली असायला हवी होती. ती तिसरी होती. चिखलात तुडवलेलं पाल्याचं खत वाहून जात नाही.

पण तक्त्यानुसार दिलीप पहिला होता. आणि माझी सही खाली होती.

दुसऱ्या दिवशी मी सोनाबाईला गाठलं. ती गोठ्यात शेण काढत होती. मी सरळ विचारलं, “तुम्हाला हे आधीच माहीत होतं?”

ती दचकली नाही. “धान लावनाऱ्या कोनालेबी मालूम राह्यते, बाई. चालू पान्यात खत टाकलं त शेजाऱ्याचं पोट भरते.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं कुठी?” मग पाटी खाली ठेवून ती जरा नरमाईने म्हणाली, “अन् तुमच्या कागदावर लिवलं होतं ना. मले वाटलं, लिवलं हाय त कायतरी सोचूनच लिवलं असंन.”

घरी हाच धडा मी शिकले होते.

यमुनाला सांगणं त्याहून अवघड गेलं. ती वसतिगृहाच्या नळावर कपडे पिळत होती. मी यादी कशी लागली आहे ते सांगितलं, उताराचं सांगितलं, आणि थांबले. मला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. ती कपडे पिळत राहिली.

“मी इचारलं होतं, मॅडम,” एवढंच म्हणाली. मग ओढणी दोरीवर टाकताना, अगदी सहज, “होळीनंतर लग्नाले याल ना? आमच्या गावची गाडी तवा चालू राह्यते.”

मी परत आले. त्यानंतरचे आठ दिवस मी धड बसले नाही. वर्गात शिकवताना खडू मोडायचे. हजेरी घेताना यमुनाचं नाव आलं की आवाज खाली जायचा. तीच बेरीज मी पुन्हा पुन्हा केली, जणू कधीतरी वेगळी येईल. वासेकर सरांपाशी मन मोकळं केलं, तर त्यांनी सुपारी कातरायची थांबवून माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, माह्यं आयका. पोटात ठेवा. तक्ता तुमचा, तारीख तुमची. आता निकाल फिरवाल त लोक म्हणतीन, बाईनं पोरगी पाहून फिरवला. भोपळ्यावालाच बरा होता म्हणतीन.”

“पण सर, तुम्ही कागद वाचून ‘हं’ म्हणाला होतात.”

“मंग काय म्हणू? तुमी एवढ्या शिकलेल्या, इंग्रजी पुस्तकं उघडून बसलेल्या. म्या म्हटलं, नवीन काही निघालं असंन.” सुपारी पुन्हा कातरायला घेत म्हणाले, “अन् दिलीपचं काय? त्यानं कोनाचं चोरलं का? त्याच्या बांधीत आलं थे त्यानं वाढवलं. त्याले काय सांगान?”

मी यादीची घडी घातली आणि उठले.

रविवारी मी बल्लारशाला गेले. वडील अंगणात सायकलची साखळी तेल लावून बसवत होते. मी सगळं न सांगता एवढंच विचारलं, “बाबा, लिहिलेला नियमच चुकीचा निघाला तर?”

त्यांनी साखळी पूर्ण बसवली, पायडल फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “तर ज्यानं लिहिला त्यानं उठून सांगायचं. गप्प बसला, तर ती पुन्हा मर्जीच झाली. फक्त ह्या वेळी आपली.”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला सांगायचं आहे तेवढंच उरेल. पुरस्कार समितीने उत्पादनाचे गुण सगळ्यांचेच रद्द केले. आठही जणांना बांधावर उभं करून, जिथे चुकलं तिथेच, नव्याने तोंडी परीक्षा घेतली. ती माझ्याऐवजी वासेकर सरांनी घेतली, आणि प्रत्येक उत्तराला ‘हं’ न म्हणता गुण दिले. यमुना पहिली आली. दिलीप दुसरा. माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात ‘निर्णयात ठामपणा नाही’ असा शेरा आला, आणि तो मला रीतसर लेखी कळवण्यात आला.

यमुना आता आमच्या शेतावर आहे. आठही बांध्यांना तिने वेगळा पाट खणून घेतला. एकीचं पाणी दुसरीत जात नाही. तक्त्यावर छापील तारखेच्या जागी आता ‘पाणी बंद केल्यावर’ असं लिहिलेलं असतं. खताच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहते आणि सगळ्या पोरांसमोर म्हणते, “तोंड बुजलं, मॅडम. आता काढा तुमची तारीख.” पोरं का हसतात ते त्यांना माहीत नसतं. त्यांच्या आधीची पोरं हसायची म्हणून तीही हसतात.

दिलीप गेल्या शिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत भेटला. मधली तीन वर्षं त्याने मला पाहून रस्ता बदलला होता. या वेळी गर्दीच अशी होती की बदलायला रस्ता नव्हता. राजुऱ्याला खताच्या दुकानात कामाला आहे. त्याने उसाच्या रसाचा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मॅडम, आता माह्याकडलं खत नाई जात वाहून. पोत्यात राह्यते.” तो हसला. मीही हसले. रस गोड होता, पण मला तो संपवता आला नाही. एकीचं ‘काऊन नाही’ मी मिटवलं होतं. दुसऱ्याचं माझ्यासमोर ग्लास धरून उभं होतं, आणि ते मी कोणत्याही तक्त्यात लिहू शकलेले नाही.

तर निकाल वाचायची ती समितीची सभा. प्राचार्यांची खोली, तीच चहाची कपबशी. अध्यक्ष जुने वकील, फार कमी बोलणारे. त्यांच्यासमोर दिलीपच्या नावाचं टंकलेलं नेमणूकपत्र, सहीसाठी टोपण काढलेलं पेन. प्राचार्यांनी मला निकाल वाचायला सांगितला. मी उभी राहिले. तोवरच्या तीन वर्षांत त्या खोलीत मी ‘हो सर’ आणि ‘नाही सर’ याखेरीज काही बोलले नव्हते.

मी निकाल वाचला नाही. आठ आकडे फळ्यावर लिहिले, आणि त्यांच्यापुढे बांध्यांचे क्रमांक. खडू मोडला, उरलेल्या तुकड्याने पुरं केलं. मग मला उताराचं सांगता येईना. शब्द इंग्रजीतून यायला लागले. वासेकर सरांना माझी दया आली असावी. ते उठले आणि त्यांनी सगळं नीट समजावलं: पाणी कसं उतरलं, त्याबरोबर खत कसं उतरलं. शेवटी माझ्याकडे न पाहता म्हणाले, “साहेब, चूक कोनाची नाई. पावसानं दगा देल्ला. पावसाचा दोष लिहून टाका.”

प्राचार्यांना ते पटलं. पावसावर लिहिलं की कोणाला बोलावून विचारता येत नाही. निकाल जसाच्या तसा ठेवून खाली पावसाचा शेरा मारावा, असंही त्यांनी सुचवलं. अध्यक्षांनी पेन कागदावर टेकवलं. मग फळ्याकडे एकदा पाहून, अजून उभ्या असलेल्या मला त्यांनी विचारलं, “काय हो, पावसाचाच दोष ना? तसं लिहू?”

बाहेर सोनाबाई झाडत होती. खराट्याचा आवाज थांबला.

“नाही सर,” मी म्हणाले. मी एवढंच बोलून खाली बसणार, असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. पण मी बसले नाही.

“यमुनाने माझ्याकडे दोन दिवस मागितले होते. मी तिला तारीख दाखवली.”